घरालाही आणि टँकर ओढायलाही एकच पिकअप चालेल का?

यावलकर: रामराम मंडळी. यावल तालुक्यात केळी आहे. दोन शेतं, मध्ये चार किलोमीटर. वरच्या शेतातली बोअर उन्हाळ्यात आटते, मग मृगबागेच्या (मृगाच्या सुमारास लावलेल्या केळीच्या) रोपांना हजार लिटरचा दोनचाकी टँकर रोज न्यावा लागतो. ट्रॅक्टर वाटणीत भावाकडे गेला. घरात मी, बायको, दोन पोरं आणि आई. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स डोक्यात आहे. दोन गाड्यांचे दोन विमे भरण्यापेक्षा एकच दणकट गाडी घ्यावी, असं माझं मत. बोला.

धुळेकर: भाऊ, नका घेऊ. मी चार वर्षं डबल कॅब (मागेही सीट असलेली पिकअप) वापरली. मागचे स्प्रिंगचे पाटे वजनासाठी बनवलेले असतात, मागचा माल ठेवायचा हौदा रिकामा असला की गाडी उडते. मागच्या सीटची पाठही एकदम सरळ. दवाखान्यासाठी आईला संभाजीनगरला नेत होतो. चाळीसगाव सोडलं तेव्हा तिने वरची कडी धरली, ती औट्रम घाट चढून कन्नड आलं तरी सोडली नव्हती. त्यात सव्वापाच मीटरच्या वर लांबी, बाजाराच्या दिवशी गाडी कुठे लावणार? जुना ट्रॅक्टर घ्या आणि घरासाठी साधी गाडी घ्या.

चोपडेकर: दादा, तुमची गाडी कोणती होती ते सांगितलं नाही. महिंद्राच्या बोलेरो कॅम्परच्या पाट्यांवरून सगळ्या पिकअप मोजू नका. हौद्यात खताच्या चार गोण्या टाकल्या की मागची बाजू बसते, हा माझा रोजचा अनुभव. ताकदीचं म्हणाल तर व्ही-क्रॉसचा टॉर्क ३६० न्यूटन मीटर, हायलक्सचा मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. शिवाय पांढऱ्या पाटीवर घरगुती पासिंग होतं, फिटनेसच्या फेऱ्या नाहीत. रात्री दोनला पोराला ताप चढला तर ट्रॅक्टरवर नेणार का?

धुळेकर: तापाच्या पोराला नेण्यासाठीच तर साधी गाडी म्हणालो.

भुसावळचा फिटर: ओढायचं सगळे बोलता, थांबवायचं कोणीच बोलत नाही. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. वर टाकी, चेसिस, चाकं. आपल्याकडच्या अशा टँकरला स्वतःचे ब्रेक बहुतेक नसतातच. उतारावर तो सगळा भार गाडीला मागून ढकलतो. ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून निभतं, पिकअपवाला साठने पळवतो.

टाकी अर्धी भरलेली असेल तर आणखी वाईट. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं, मग मागे येतं, आणि प्रत्येक वेळी हुकाला हिसका बसतो. टाकीच्या आत आडवे पत्रे मारून घ्या. टँकरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. टाकी मागे सरकलेली असेल तर हूक वर उचलला जातो आणि टँकर शेपूट हलवायला लागतो. तसं झालं तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि एक्सलेटर सोडा. ट्रेलरचं पासिंगही वेगळं लागतं, ते आधी बघा.

यावलकर: माझ्या टाकीत आडवे पत्रे नाहीत. मग टाकी सरळ हौद्यातच ठेवली तर?

भुसावळचा फिटर: हजार लिटरची? अजिबात नको. या दोन्ही गाड्यांची भार वाहायची मर्यादा त्याच्या निम्मीही नाही.

रावेरची ताई: घरची गाडी मीच चालवते म्हणून लिहिते. टँकर तुम्हाला वर्षातून दोन महिने ओढायचा, आई बारा महिने बसणार. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. आमच्या भाच्याच्या पिकअपला पायरी आहे, तरी चढताना खाली एक माणूस आणि आत एक माणूस लागतो. गेल्या लग्नसराईत त्या दोनदा घरीच थांबल्या, कारण विचारलं तर म्हणे ऊन फार आहे. दोन महिन्यांसाठी भाड्याचा ट्रॅक्टर लावा. नाहीतर वरच्या शेतात शेततळं करा.

चोपडेकर: ताई, लागवडीच्या घाईत भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येतो कुठे? रोपं वाळली की वर्ष गेलं.

यावलकर: ते खरंय, गेल्या वर्षी तीन दिवस वाट पाहिली होती. पण आईचं मी धरलंच नव्हतं. रविवारी शोरूमची गाडी घरी मागवतो, तिला मागच्या सीटवर बसवून फैजपूरला जाऊन येतो. हौदा रिकामाच ठेवायचा. फिटर भाऊ, टाकीच्या पत्र्यांसाठी टँकर तुमच्याकडे आणू का?

भुसावळचा फिटर: आणा. रिकामा करून आणा.