डायलॉग सीनमध्ये दोघंही एकाच बाजूला बघतायत, एडिटमध्ये वाचेल का?

रीटेक_राणी:
कट्ट्यावर दोन मित्र चहा पितायत एवढाच सीन आहे. आधी दोघांचा वाइड घेतला मग एकेकाचा क्लोजअप, पण दुसऱ्याच्या वेळी ऊन थेट लेन्समध्ये यायला लागलं म्हणून ट्रायपॉड उचलून त्यांच्या मागच्या बाजूला लावला. आता टाइमलाइनवर दोघंही उजवीकडेच बघतायत, एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही. वर चहाचा ग्लास एका शॉटमध्ये अर्धा, पुढच्यात काठोकाठ. एक ॲक्टर गावी गेलाय, रीशूट विसरा.

क्लॅप_दे_रे:
लाइन क्रॉस केलीस ना. दोघांमध्ये एक रेष आहे असं धर, कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला हवा, तोच १८० डिग्रीचा नियम. दुसरा क्लोजअप हॉरिझॉन्टल फ्लिप, म्हणजे आरशासारखा डावं-उजवं उलटा, करून बघ. फक्त केसांचा भांग, शर्टाचा खिसा, घड्याळाचा हात सगळं बाजू बदलणार, वाइडशी ताडून बघ.

रीटेक_राणी:
केलं, नजर जुळली!! पण मागची सायकल दुकानाची पाटी उलटी दिसतेय 😭

क्लॅप_दे_रे:
फोरके (४के) शूट असेल आणि टाइमलाइन १०८०ची, म्हणजे रुंदी-उंचीला निम्म्या पिक्सेलची, असेल तर दुप्पट झूम केलंस तरी चित्र फाटत नाही. पाटी फ्रेमबाहेर काढ.

कटिंग_मारके:
ग्लासला ॲक्टर कशाला हवाय? संध्याकाळी टपरीवर जा, तसाच ग्लास घे आणि किटलीतून चहा ओततानाचा टाइट शॉट काढ, फक्त ग्लास आणि ओतणारा हात. तो मध्ये टाकलास की ग्लास भरला कसा हा प्रश्नच मिटला. ऊन मात्र त्या दिवसासारखंच तिरकं हवं, सावली बघून घे. आणि कट हालचालीवर मार, म्हणजे ग्लास उचलायला सुरुवात एका शॉटमध्ये आणि ओठाला लागणं दुसऱ्यात, डोळा हालचालीमागे जातो, जोड कळत नाही.

जे_कट:
ग्लासचं एवढं टेन्शन नको घेऊ यार. हॉलिवूडचा एडिटर वॉल्टर मर्चने कट कुठे मारायचा याचे सहा निकष मांडलेत, त्यात भावनेला ५१ टक्के आणि जागेच्या कंटिन्यूटीला, म्हणजे कोण-काय कुठे आहे ते शॉटमागून शॉट जुळण्याला, फक्त ४. ॲक्टिंग ज्या टेकमध्ये भारी तोच ठेव. नजरेचं मात्र नीट कर, ते चुकलं की माणूस सीनमधून बाहेरच पडतो. आणि टपरीवर जातेच आहेस तर शूट केलं त्या कट्ट्यापाशी कोणी न बोलता मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड करून आण, सगळ्या कटांखाली सलग पसर. मागचा ट्रॅफिक प्रत्येक कटला तुटला तर पिक्चर जुळूनही सीन जोडलेला वाटणार नाही.