अनुभव धागा: अंदमानात पक्षी पाहायला जाताना आखणी कशी केलीत?

धागाकर्ता: लालतुरा

कपाटातली जुनी पाकिटे काढून टाकताना परवा वीस रुपयांची एक जुनी, तांबूस रंगाची नोट हाती लागली. तिच्या पाठीवर नारळीची झाडे आणि दूरवर दीपगृह असे चित्र आहे. ते चित्र अंदमानातल्या माउंट हॅरिएटवरून दिसणाऱ्या देखाव्याचे असल्यामुळे तेव्हा तेथे आलेला प्रत्येक पर्यटक खिशातून नोट काढून ती समोरच्या किनाऱ्याशी ताडून पाहत असे. २०१० च्या जानेवारीत आम्ही घरचे सहा जण तेथे उभे राहून नेमके हेच करत होतो. याच टेकडीवरून खाली उतरलेल्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला १८७२ साली शेर अली या कैद्याने धक्क्यावर कसे भोसकले, हे वडील सगळ्यांना रंगवून सांगत होते आणि माझे लक्ष मात्र पाठीमागच्या झाडावरून येणाऱ्या ठक्ठक् आवाजाकडे लागले होते. वळून पाहिले तर कावळ्याएवढा काळाकभिन्न सुतार पक्षी खोडाला चिकटून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर लाल तुरा होता, निदान मला तरी तसे वाटले. दुर्बीण हॉटेलात राहिली होती, परतीची बोट चुकेल म्हणून चालक हॉर्न वाजवत होता आणि माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद ‘काळा सुतार, डोके लाल?’ एवढीच आहे.

तो अंदमानी सुतार होता आणि अंदमानाबाहेर तो जगात कोठेही मिळत नाही, हे मला घरी परतल्यावर पुस्तक उघडल्यानंतर कळले. ते प्रश्नचिन्ह आता पुसायचे ठरवले आहे. येत्या फेब्रुवारीत आठ दिवस हाताशी आहेत, पत्नी बरोबर असेल आणि वडीलही येतो म्हणत आहेत. ज्यांनी तेथे खास पक्ष्यांसाठी सहल आखली त्यांनी आपले अनुभव लिहावेत; फसलेले असतील तर ते आधी लिहावेत. (गावांची आणि बेटांची नावे बदलली आहेत हे मला ठाऊक आहे, परंतु वहीत जुनीच असल्यामुळे येथेही जुनीच वापरतो.)

रानपिंगळा

हॉटेल नंतर शोधा, सूर्योदयाची वेळ आधी पाहा. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालते आणि पोर्ट ब्लेअर जवळजवळ त्र्याण्णववर आहे, त्यामुळे तेथे सूर्य घड्याळाच्या चाळीस मिनिटे पुढे असतो. फेब्रुवारीत पावणेसहाला उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो. मी पहिल्या दिवशी ‘पहाटे’ म्हणून साडेसहाला पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला पोचलो, तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरले होते आणि रस्त्यावरचा चहावाला मला म्हणाला की, दुर्बीणवाले तर येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला निघालो आणि सगळे चित्र पालटले. पक्ष्यांचा एक मिश्र थवा रस्ता ओलांडत होता. अंदमानी कोतवाल पुढे, त्याच्या मागोमाग अंदमानी टकाचोर, आणि मध्येच निखारांची एक जोडी. आपल्याकडचा टकाचोर डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर फसाल, कारण हा आकाराने लहान आहे, पोट तांबूस आहे आणि डोळा असा पिवळाजर्द की पानांच्या सावलीतही पहिल्यांदा डोळाच दिसतो. तो थवा फार तर चार मिनिटे समोर होता. त्यानंतर दोन तास एकही पक्षी दिसला नाही, हेही लिहून ठेवतो.

काकूंची दुर्बीण

चिडिया टापूला संध्याकाळी सूर्यास्त पाहायला जत्रा भरते. तिला कंटाळून परत फिरू नका, कारण साडेपाचनंतर गाड्या भराभर निघून जातात आणि खरी मजा त्यानंतरच सुरू होते. आम्ही तीन जणी रस्त्याच्या कडेला अंधारात उभ्या होतो, तेव्हा डावीकडून अंदमानी पिंगळा बोलू लागला आणि वरच्या फांदीवर ह्यूमचे घुबड येऊन बसले. ते ह्यूमचे की अंदमानी बहिरी-घुबड, यावर मात्र मैत्रीण आणि वाटाड्या यांच्यात इतका वाद झाला की घुबडच कंटाळून उडून गेले. माझ्या मते ते ह्यूमचेच होते. वरून-खालून सारखेच गडद तपकिरी असेल तर ह्यूमचे. छातीपोटावर तांबूस रेघा दिसल्या तर दुसरे. टॉर्चच्या उजेडात मला एकही रेघ दिसली नाही. मैत्रीण हा धागा वाचत असेल तर तिने अजूनही उत्तर द्यावे.

अनवाणी

काकू, घुबड वादाने नव्हे, टॉर्चने कंटाळले असावे. :) आमच्या वाटाड्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून एकाच पिंगळ्याला वीस मिनिटे बोलावले. तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून या फांदीवरून त्या फांदीवर फिरत राहिला. शेवटी माझ्या सासूबाईंनी, ज्यांना पक्ष्यांत काडीचा रस नाही, त्याला सांगितले, “अरे, त्याला घरी जाऊ दे आता.” आखणी करतानाच वाटाड्याशी या विषयावर बोलून घ्यावे. जंगलात उभे राहिल्यावर संकोच वाटतो आणि दोनच संध्याकाळी असतील तर मोहही होतो.

काकूंची दुर्बीण

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. टॉर्चची चूक कबूल करते.

ओहोटी

पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटच्या पाणथळीसाठी एक सकाळ आणि एक संध्याकाळ राखून ठेवा. बरेच जण विमानतळावरून येता-जाता गाडीतूनच तेथे नजर टाकतात. तेथे पूर्वी शेती होती. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली, समुद्राचे पाणी आत शिरले आणि परत गेलेच नाही. आज तेथे बांध पाण्याखाली गेलेले दिसतात आणि शेंडा गळालेली नारळीची नुसती खोडे उभी आहेत. अशाच एका आडव्या खोडावर मला अकरा अंदमानी बदके ओळीने बसलेली दिसली. सगळे अंग तपकिरी, आणि डोळ्याभोवती चुन्याचे बोट फिरवल्यासारखे पांढरे कडे. एकाच्या कड्याचा पांढरा रंग थेट गालापर्यंत ओघळला होता. लोकांचे शेत गेले त्या जागी हे दुर्मीळ बदक मिळते, त्यामुळे वहीत आनंदाने नोंद करताना थोडे अवघडल्यासारखे झाले. आमच्या रिक्षावाल्याने हाताने दाखवले की, त्या तिकडे त्याच्या मामाचे भात होते.

भरती-ओहोटीची वेळ पाहून जा. भरतीला पाणथळीतले पक्षी बांधांच्या कडेला एकवटतात. ओहोटीला ते चिखलात पांगतात आणि मग दुर्बिणीनेही समाधान होत नाही.

ढगफुटी

फसलेला अनुभव मागितला आहे, तर घ्या. आम्ही परतीच्या विमानाच्या दिवशीच सकाळी हॅवलॉक बेटाहून निघणारी बोट ठरवली होती. आदल्या रात्री वारा सुटला, सकाळी धक्क्यावर फलक लागला की आजच्या फेऱ्या रद्द, आणि दुपारी आमचे विमान आम्हाला न घेता गेले. बोटीचे पैसे परत मिळाले, विमानाचे मिळाले नाहीत. बोटवाल्यांनी आदल्या संध्याकाळी कळवले असते तर निदान फोनाफोनी तरी झाली असती, हा राग अजून आहे. तेव्हा शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरलाच ठेवावेत. माउंट हॅरिएट, सिप्पीघाट आणि चिडिया टापू तिन्ही तेथून जवळ असल्यामुळे ते वाया जात नाहीत. खरे सांगायचे तर आठ दिवसांत हॅवलॉक नसले तरी चालेल, कारण तेथे दिसणारे बहुतेक प्रदेशनिष्ठ (फक्त या बेटांवरच मिळणारे) पक्षी दक्षिण अंदमानातही दिसतात. राधानगरच्या किनाऱ्यामागचे जंगल मात्र सुरेख आहे आणि अंदमानी रानकबूतर मला तेथेच मिळाले. (त्या किनाऱ्यावर पक्षी पाहायला आलेला मी एकटाच होतो. लोकांनी मला जीवरक्षक समजून दोनदा पाण्याची खोली विचारली.)

नवखी

नारकोंडमला जाता येते का? धनेश पाहायचा आहे.

शिडाचे जहाज

सर्वसाधारण उत्तर ‘नाही’ असेच आहे. नारकोंडम हे जेमतेम सात चौरस किलोमीटरचे निद्रिस्त ज्वालामुखीचे बेट आहे, ते अभयारण्य आहे आणि तेथे प्रवासी बोट जात नाही. नारकोंडम धनेशाचे जगातले सगळे घर एवढेच असल्यामुळे तेथील प्रत्येक हालचालीवर वाद होतो. तटरक्षक दलाच्या रडारचा प्रस्ताव २०१२ साली पर्यावरण मंत्रालयाने याच धनेशामुळे फेटाळला होता आणि पुढे २०१४ साली त्याला मंजुरी मिळाली. हा पक्षी यादीतून आधीच वजा करा, म्हणजे सहल सुखाची होईल.

निकोबारचीही तीच गत आहे. अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये दहा अंशांची खाडी आहे, सुमारे दीडशे किलोमीटर रुंद, आणि ती ओलांडली की पक्षी बदलतात. तेथे निकोबारी मेगापोड आहे, जो अंडी स्वतः उबवत नाही, तर वाळू आणि पालापाचोळ्याचा भलामोठा ढीग रचून त्याच्या उबेवर सोडून देतो. त्सुनामीत किनाऱ्यालगतचे असे असंख्य ढीग वाहून गेले. परंतु आदिवासींच्या राखीव क्षेत्रात परवान्याशिवाय जाता येत नाही, जहाजाचे वेळापत्रक ऐनवेळी बदलते आणि कॅम्पबेल बेला गेलेला माणूस ठरल्या दिवशी परतेलच अशी खात्री नसते. मी एकदा तीन महिने आधी अर्ज केला, परवाना मिळाला, आणि जहाज रद्द झाले. त्या रजेत मी घराला रंग दिला.

नवखी

धन्यवाद. रंग कोणता दिला?

शिडाचे जहाज

मेगापोडी तपकिरी.

अनवाणी

बारातांग बेटाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. तेथे जाण्यासाठी जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून रस्ता आहे. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्याने सोडतात, मध्ये थांबता येत नाही आणि कॅमेरा बाहेर काढणे गुन्हा आहे. म्हणजेच सर्वांत उत्तम जंगल तुम्ही बंद काचेतून आणि गाडीच्या वेगाने पाहता. आमच्या गाडीसमोरून एक मोठा काळसर पक्षी झेपावला. तो अंदमानी सर्पगरुड होता असे मला वाटते, परंतु ‘थांबा’ म्हणण्याची सोय नव्हती आणि नसावी हेच योग्य आहे, कारण ते कोणाचे तरी अंगण आहे. केवळ पक्ष्यांसाठी हा दिवस खर्च करू नये, असे माझे मत आहे. चुनखडीच्या गुहांमधल्या पाकोळ्यांत रस असेल तर गोष्ट वेगळी. त्यांतली एक जात लाळेची घरटी करते आणि त्या घरट्यांच्या सारासाठी तिची अतोनात लूट झाली. पक्षीतज्ज्ञ रवी शंकरन यांनी घरटी काढणाऱ्या माणसांनाच राखणदार नेमून ती लूट थांबवण्याचे काम अंदमानात उभे केले.

रानपिंगळा

रॉस बेटावर वेळ घालवू नका, एवढेच जोडतो. तेथील हरणे आणि मोर दोन्ही बाहेरून आणून सोडलेले आहेत. सगळे त्यांचेच फोटो काढतात. चितळांनी अंदमानच्या बेटांवरील झाडोरा खाऊन साफ केला आहे आणि झुडपांत राहणाऱ्या पक्ष्यांना त्याची झळ बसते.

ओहोटी

रॉसवरच्या मोरासोबत माझा लग्नानंतरचा पहिला फोटो आहे, त्यामुळे या मुद्द्यावर मी तटस्थ आहे.

लालतुरा

सर्वांचे मनापासून आभार. आखणी अशी बदलली आहे: हॅवलॉक पूर्ण गाळले, बारातांग गाळले, आठही दिवस मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच. चिडिया टापूला दोन पहाटा आणि दोन संध्याकाळी, सिप्पीघाटला भरती पाहून दोन फेऱ्या आणि माउंट हॅरिएटला तीन सकाळी. पत्नीने हॅवलॉकच्या बदल्यात दोन दुपारी समुद्रावर मागून घेतल्या आहेत. दुपारी पक्षीही झोपतात, त्यामुळे मला हरकत घेता आली नाही. वडिलांनी यादी वाचली आणि सेल्युलर जेल कोठे आहे असे विचारले, तेव्हा तेही घातले.

एकच शंका उरली आहे. चाथमहून बांबू फ्लॅटला गाड्या नेणाऱ्या बोटीची पहिली फेरी पकडली तरी माउंट हॅरिएटच्या नाक्यावर वनखाते उजाडायच्या आधी सोडत नाही, असे ऐकले. ते खरे आहे का?

काकूंची दुर्बीण

आम्हाला सोडले नव्हते. पण थांबायला लागले तर चिडचिड करू नका, नाक्याच्या आसपासचीच झाडे नीट पाहा. आमचा सुतार पक्षी आम्हाला फाटकाच्या बाहेर, पावती फाडायच्या आधी दिसला. मादी होती, तिच्या डोक्याच्या मागच्या अर्ध्या भागावरच लाल रंग असतो आणि गालावर लाल पट्टी नसते. तुमच्या २०१० च्या पक्ष्याच्या गालावर पट्टी होती का?

लालतुरा

वहीत लिहिलेले नाही. वडिलांना विचारले, तर ते म्हणाले की, त्यांनी त्या वेळी फक्त नोट पाहिली होती.