आंबूरच्या बुटांचे अपर: घरी शिवणाऱ्या बायकांची मजुरी तपासायची कशी?

प्रश्न (चप्पलशास्त्री): तमिळनाडूतल्या आंबूर-वाणियंबाडीतून चामडी अपर (बुटाचा तळ सोडून वरचा भाग) घेतो. कारखान्याचं ऑडिट स्वच्छ येतं, पण हातशिलाई घरोघरी जाते. ब्रँड ड्यू डिलिजन्स मागतोय, म्हणजे पुरवठ्यात कामगारांवर अन्याय होत नाही ना याची तपासणी. सुरुवात कुठून करू?

जावक_वही: हजेरीपटावरून नाही, गेटपासवरून (माल बाहेर जाताना फाटकावर होणारी नोंद). कारखान्यात 20 शिलाईवाल्या, रोज 10 जोड, 25 दिवस म्हणजे 5000 जोड. पाठवले 9000? मग 4000 बाहेर शिवले गेले. चलनावर (मालासोबतच्या पावतीवर) काम घरोघरी वाटणाऱ्या मुकादमाचं नाव सापडतं. तिथून पुढे घरं.

दर काढताना सगळ्यात चपळ बाई निवडू नका, इथेच हिशेब फसतो. साधारण हाताच्या पाचजणींचा वेळ घ्या. जोडीला 48 मिनिटं लागली तर 480 मिनिटांत, म्हणजे आठ तासांत, 10 जोड. म्हणून एका जोडीचा दर कायद्याने ठरलेल्या किमान रोजाच्या दहाव्या भागाखाली नको. सुई, दोरा, माल आणण्या-नेण्याचा खर्च वेगळा. नापास जोडांची कपात मुकादम तोंडी करतो, ती हमखास विचारा.

चप्पलशास्त्री: मग घरी शिवायला देणं बंदच करायला सांगू का?

टाका_दोरा: नको हो! बंदी घातली की काम लपतं आणि दर आणखी पडतो. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कपडे-पादत्राणांसाठीच्या 2017 च्या मार्गदर्शिकेत घरी बसून माल बनवणाऱ्या कामगारांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचाही भर बंदीवर नाही, त्यांना समान वागणूक देण्यावर आहे. दरपत्रक तमिळमध्ये छापा, प्रत्येकीला नोंदवही द्या: तारीख, जोड, दर, मिळालेले पैसे. आणि मुकादमाचं कमिशन वेगळं द्या, नाहीतर तो ते मजुरीतूनच काढणार.