मदत हवी आहे : नागपूरच्या उन्हाळ्यात भटक्या कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास कसा आखावा?

नमस्कार. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्या अकरावीच्या काही विद्यार्थ्यांनी 'ऊन वाढले की भटकी कुत्री अधिक आक्रमक होतात का?' हा प्रश्न प्रकल्पासाठी निवडला असून मार्च ते जून या काळात निरीक्षणे घेण्याची त्यांची तयारी आहे. प्रश्न मुलांनी स्वतः शोधलेला आहे, त्यामुळे तो मोडीत काढण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मात्र आखणीला बसल्यावर काही अडचणी पुढे आल्या आहेत. प्राणिवर्तनाचा अभ्यास केलेल्या किंवा पशुवैद्यकीय क्षेत्रातील सदस्यांनी त्यांवर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मुलांची सारी भिस्त 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधावर आहे. अमेरिकेतील ८ शहरांमधील २००९ ते २०१८ या काळातील सुमारे ६९,५०० श्वानदंशांच्या नोंदी त्यात तपासल्या आहेत. अतिनील किरण अधिक असलेल्या दिवशी दंशाचा धोका ११ टक्क्यांनी, तापमान अधिक असलेल्या दिवशी ४ टक्क्यांनी आणि हवेत ओझोन अधिक असलेल्या दिवशी ३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. मुलांच्या लेखी विषय इथेच संपला. मला मात्र असे वाटते की दंशाची नोंद ही कुत्र्याच्या मनःस्थितीची नोंद नसते. त्या दिवशी माणसे आणि कुत्री एकमेकांच्या किती संपर्कात आली, याचीही ती नोंद असते. तिकडे ऊन पडले की लोक उद्यानांत जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की दुपारी बारानंतर धरमपेठेतले रस्तेसुद्धा ओस पडतात, शाळांना सुट्ट्या असतात, जो तो कूलरसमोर असतो आणि रात्रीच्या जेवणानंतर मात्र अख्खी वस्ती शतपावलीला बाहेर पडते. अशा शहरात मे महिन्यातल्या दुपारी दंश कमी झाले, तर कुत्री शांत झाली असे म्हणायचे, की चावायला रस्त्यावर कोणी उरलेच नव्हते असे म्हणायचे?

दुसरा गुंता ऋतूचा आहे. आपल्याकडच्या भटक्या माद्या बहुतांशी पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांनी वितात, म्हणजे पिल्ले थंडीच्या सुमारास दिसू लागतात. पिल्लांजवळून जाणाऱ्यावर मादी धावून जाते, त्याचा गारठ्याशी काही संबंध नसतो; पण नुसता महिनावार तक्ता मांडला तर थंडीमुळे कुत्री चिडतात असाही निष्कर्ष निघू शकेल. (एका पालकांनी तर "उन्हानं कुत्रं पिसाळतं, त्यात अभ्यास कसला?" असे विचारले. रेबीज विषाणूमुळे होतो आणि तो बारा महिने होऊ शकतो, हे समजावण्यात आमची पालकसभा संपली.)

म्हणून दंशाच्या नोंदी बाजूला ठेवून प्रत्यक्ष निरीक्षण करावे, असे मी सुचवले आहे. येथे प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये मांडलेला मुद्दा लागू पडतो : नजरेत भरेल ते टिपत गेले, तर दुर्मीळ आणि ठळक गोष्टींचीच वही भरते. कुत्र्यांची मारामारी प्रत्येक मूल लिहून आणेल. पण कूलरमधून ठिबकणाऱ्या पाण्याने भिजलेल्या मातीत खड्डा उकरून, पोट टेकवून तासन्‌तास पडून राहिलेले कुत्रे कोणी लिहिणार नाही. त्यामुळे दर दहा मिनिटांनी गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याची त्या क्षणाची स्थिती (झोपलेले, धापा टाकणारे, चालणारे, खाणारे) नोंदवायची आणि गुरगुरणे, अंगावर धावणे, गाडीमागे लागणे या घटना घडतील तेव्हा स्वतंत्रपणे लिहायच्या, शिवाय त्या वेळात गल्लीतून गेलेली माणसे आणि वाहने मोजायची, असा माझा विचार आहे. ही दुहेरी पद्धत योग्य आहे का?

तापमान कुठले धरावे, याचाही उलगडा होत नाही. सोनेगाव विमानतळावरची अधिकृत नोंद जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, सावलीतल्या हवेशीर पेटीत घेतलेली असते. कुत्र्याचे पोट डांबराच्या वीतभर वर असते. त्यातून कुत्र्याला घाम जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांवर येतो, शरीर थंड ठेवण्यासाठी त्याची मुख्य भिस्त धापा टाकण्यावर असते आणि धापा टाकून किती ओल उडून जाईल हे हवेतल्या दमटपणावर ठरते. मग नवतप्याच्या (मेअखेरच्या नऊ तप्त दिवसांच्या) कोरड्या उन्हापेक्षा मृगाच्या पहिल्या सरीनंतरची दमट दुपार कुत्र्याला अधिक जाचत असेल का? तसे असल्यास केवळ तापमान नोंदवून भागणार नाही.

शेवटची शंका निरीक्षकांबद्दल आहे. रोझेंथाल आणि फोड यांच्या १९६३ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सारख्याच उंदरांपैकी काही 'हुशार' आणि काही 'मंद' म्हणून दिले होते, आणि 'हुशार' उंदीर खरोखरच सरस ठरल्याचे विद्यार्थ्यांच्या नोंदींत आढळले. आमच्या मुलांनी तर उत्तर आधीच ठरवून टाकले आहे! चित्रफिती काढून त्या दिवसाचे तापमान ठाऊक नसलेल्या मुलांकडून तपासून घ्याव्यात म्हटले, तर ऊन चित्रफितीत दिसतेच. एकाच वेळेच्या, पण कमी-अधिक तापलेल्या दिवसांच्या चित्रफिती दिल्या तर हा दोष कितपत दूर होईल?

प्रतिसाद १

नमस्कार मॅडम. मी पशुवैद्यक आहे आणि भटक्या कुत्र्यांच्या लसीकरण मोहिमांमध्ये काम केले आहे. आपली दुहेरी पद्धत योग्य आहे. धावून जाण्याच्या घटनांना वाटसरूंच्या संख्येने भागले की आपली पहिली अडचण बरीचशी सुटते. दमटपणाची शंकाही रास्त आहे, साधे आर्द्रतामापक गल्लीतच, सावलीत आणि कुत्र्याच्या उंचीवर ठेवावे.

एक गोष्ट आपल्या लिखाणात आली नाही. एका गल्लीतली पाच कुत्री एकाने भुंकायला सुरुवात केली की मिळून भुंकतात, म्हणून त्यांना पाच स्वतंत्र नोंदी समजू नये. परिस्थितिकीचे अभ्यासक हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलेला हा दोष विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमी आढळतो. एकच गल्ली रोज पाहण्यापेक्षा महाल भागातल्या अरुंद, सावलीच्या आणि धरमपेठेतल्या रुंद अशा दोन्ही प्रकारच्या अनेक गल्ल्या आलटून पालटून पाहाव्यात. कानाला खाच असलेले कुत्रे नसबंदी आणि लसीकरण झालेले असते, त्याची नोंद वेगळी करावी. खाऊ घालणारे लोक कोणत्या वेळी येतात हेही लिहावे, कारण अन्नाभोवतीची भांडणे उन्हाच्या खात्यावर जमा व्हायला नकोत.

सुरक्षेबाबत तडजोड करू नये. मुलांनी कुत्र्यांना हात लावायचा नाही, खाऊ घालायचे नाही आणि पिल्लांच्या जवळ जायचे नाही. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस देण्याबाबत डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. ओरखडा जरी उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आधी लस घेतलेली असली तरीही. दुपारी १२ ते ४ या वेळेत मुलांना रस्त्यावर उभे करू नये, त्या वेळेची नोंद गच्चीवरून किंवा खिडकीतून घ्यावी.

प्रतिसाद २

चित्रफितींचा उपाय चांगला आहे. प्रत्येक चित्रफीत दोघांनी एकमेकांशी न बोलता तपासावी आणि दोघांच्या नोंदी किती जुळतात हे कोहेनच्या कप्पा गुणांकाने काढावे. धाप आणि जांभई यांत गल्लत होते, तेव्हा प्रत्येक वर्तनाची व्याख्या आधी लेखी ठरवावी. रहिवाशांना प्रश्न विचारणार असाल, तर तो माणसांवरील अभ्यास ठरतो. त्यांची संमती घ्यावी आणि महाविद्यालयाची परवानगीही आधी मिळवावी.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गल्ली हेच एकक धरून सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ८ या वेळा रस्त्यावर, आणि दुपार फक्त गच्चीवरून, असे ठरवते. आता एकच प्रश्न उरतो. एप्रिल लागला की अनेक घरांसमोर पाण्याची भांडी ठेवली जातात आणि कुत्र्यांच्या बसण्याच्या जागा त्यानुसार बदलतात. अशा गल्ल्या वगळाव्यात, की भांड्याचे अंतर हीच एक स्वतंत्र नोंद धरावी? वगळायचे म्हटले तर मे महिन्यात नागपुरात बिनभांड्याची गल्ली सापडणेच कठीण आहे.