चंद्रा अर्ध्या विकलेची, मग नवी दुर्बीण नऊ विकलांची कशासाठी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. विभेदनक्षमतेचा (जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याच्या क्षमतेचा) भाग शिकवून झाला की मी मुलांना एखाद्या खऱ्या दुर्बिणीचा हिशेब करायला देतो. यंदा क्ष-किरण दुर्बिणी दिल्या होत्या. (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, आणि साठ विकलांची एक कला.) बारावीच्या एका मुलीने वहीत लिहून आणले: चंद्रा, नासाची, १९९९ ची, विभेदन अर्धी विकला, म्हणजे ११ किलोमीटरवरचे दहा रुपयांचे नाणे. न्यूअथेना, युरोपची, २०३७ च्या सुमारास जाणार, विभेदन नऊ विकला, म्हणजे तेवढ्याच अंतरावरची परात. खाली प्रश्न: "सर, अडतीस वर्षांनी आपण मागे का जातोय?"

हिशेब मी स्वतः तपासला, बरोबर आहे. "नव्या दुर्बिणीचा आरसा मोठा आहे" असे मी तिला सांगितले. तिला ते पटले नाही, आणि तेवढ्यावर मलाही समाधान वाटत नाही. इथे कोणी या विषयातले असेल तर कृपया नीट समजावून सांगा.

मृगशीर्ष

सर, त्या मुलीने अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. मी दीर्घिकासमूहांच्या वर्णपटांवर काम करते, आधी पुण्यात, आता लायडनला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विभेदन दोन प्रकारचे असते. आकाशातले दोन बिंदू वेगळे दिसणे हे एक, आणि जवळजवळ सारख्या ऊर्जेचे दोन फोटॉन वेगळे ओळखता येणे हे दुसरे. पहिल्यात चंद्राला आजही तोड नाही. दुसऱ्यात मात्र तिचा सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप) लोहाच्या ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषेपाशी (लोहाचे अणू ज्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतात तिथे) शंभर-दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतला फरक ओळखू शकत नाही. तिच्यावर क्ष-किरण ऊर्जेनुसार फाकवणाऱ्या विवर्तन जाळ्याही आहेत, पण त्यांचा खरा उपयोग ताऱ्यासारख्या बिंदूंसाठी. आकाशात पसरलेल्या वायूपुढे त्या हतबल होतात.

आता ययाती (पर्सियस) हा दीर्घिकासमूह घ्या. २४ कोटी प्रकाशवर्षे दूर. त्यातल्या दीर्घिकांच्या मधली जागा सुमारे पाच कोटी अंश तापलेल्या वायूने भरली आहे, आणि सगळ्या ताऱ्यांचे मिळून जेवढे वस्तुमान होईल त्याहून या वायूचे जास्त आहे. हा वायू क्ष-किरण फेकत राहतो, म्हणजे तो निवायला हवा, त्यातून ढिगाने तारे जन्मायला हवेत. तसे होत नाही. कोणीतरी त्याला सतत ऊब देत आहे. संशय मधल्या दीर्घिकेतल्या कृष्णविवरावर आहे. २००३ मध्ये चंद्राच्या चित्रात त्या वायूतले तरंग दिसले, पाण्यात खडा टाकावा तसे. अप्रतिम चित्र आहे. पण वायू किती वेगाने ढवळला जातोय हे चित्रावरून सांगता येत नाही, आणि तो वेग कळल्याशिवाय उष्णतेचा जमाखर्च जुळत नाही.

तो वेग पहिल्यांदा २०१६ मध्ये जपानच्या हितोमी या क्ष-किरण दुर्बिणीने मोजला: सेकंदाला १६४ किलोमीटर. एवढ्या वेगाने लोहाची रेषा पसरते ती जेमतेम पावणेचार इलेक्ट्रॉनव्होल्टने. दीडशेच्या धुक्यात ती कुठल्या कुठे हरवली असती. १७ फेब्रुवारीला हितोमी अवकाशात गेली आणि २६ मार्चला तिच्याशी संपर्क तुटला. मी तेव्हा पुण्यात संशोधनाला नुकतीच लागले होते. जुलैमध्ये तो वर्णपट प्रसिद्ध झाला, तो छापून मी टेबलासमोर चिकटवला. तोच कागद आज इथल्या भिंतीवर आहे.

हितोमीचा वारसा २०२३ मध्ये क्रिझम या दुर्बिणीने पुढे नेला. तिचे यंत्र ३६ चौकटींचे, एकेक चौकट अर्ध्या कलेची, आणि आरसा प्रतिमा पसरवतो एका कलेहून जास्त. म्हणजे वेग कळतो, पण तो नेमक्या कुठल्या तरंगाचा हे कळत नाही. न्यूअथेनावरच्या अशाच यंत्राला सुमारे दीड हजार चौकटी असतील, ऊर्जेतला फरक सुमारे चार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत कळेल आणि आरसा नऊ विकलांचा. क्रिझमच्या शेजारी ठेवून बघा, ही आठपट झेप आहे. तुमच्या विद्यार्थिनीने तुलना चंद्राशी केली. या कामासाठी ती क्रिझमशी करायला हवी.

हे यंत्र म्हणजे मुळात थर्मामीटर आहे. एक फोटॉन इवल्याशा शोषकावर पडतो आणि त्याला किंचित तापवतो. शोषकाखालची पातळ फीत अतिवाहक होण्याच्या ऐन उंबरठ्यावर ठेवलेली असते. तापमान एवढेसे वाढले तरी तिचा रोध झपकन चढतो, आणि त्या उसळीवरून फोटॉनची ऊर्जा कळते. यासाठी सगळे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या विसाव्या भागाइतक्या थंडीत ठेवावे लागते.

तुमच्या विद्यार्थिनीचे एक म्हणणे मात्र मान्य करायलाच हवे. न्यूअथेनाच्या आधीच्या आराखड्यात आरसा पाच विकलांचा होता. २०२२ मध्ये खर्च आवाक्याबाहेर जातोय असे दिसल्यावर आराखडा पुन्हा मांडला गेला, तेव्हा नऊ झाले.

आठइंची

आरशाबद्दल मी सांगतो. २००४ मध्ये मी आठ इंची आरसा हाताने घासला आहे. कार्बोरंडमची जाडी पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पिच आणि सिरियम ऑक्साइड. काच व्यासाच्या एक-षष्ठांश तरी जाड घ्या, नाहीतर स्वतःच्याच वजनाने वाकते, असे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या जाडीत आहे.

क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर परत येत नाहीत, आत घुसून शोषले जातात. तळ्यावर चपटा दगड आडवा फेकून आपण भाकऱ्या काढतो, तसे ते एखाद्या अंशाच्या कोनात घासून जावे लागतात. म्हणून हा आरसा ताटलीसारखा नसतो, नळीसारखा असतो. आतला पृष्ठभाग आधी पॅराबोलॉइड आणि पुढे हायपरबोलॉइड. ही रचना हान्स वोल्टर यांनी १९५२ मध्ये मांडली. अशी नळी समोरून पाहिली तर नुसती बारीक कड दिसते, प्रकाश गोळा होणार तो तेवढ्याच कडेवर. मग कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकात एक नळ्या बसवायच्या.

चंद्रात अशा चारच जोड्या आहेत. काच दोनेक सेंटिमीटर जाड, मोजक्या अणूंच्या उंचीइतकी गुळगुळीत केलेली. जाड आहे म्हणून आकार धरून राहते, आणि म्हणून अर्धी विकला. पण काचेचे वजन टनभर आणि हाती येणारे क्षेत्रफळ फार तर ८०० चौरस सेंटिमीटर. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणीने उलटा मार्ग धरला: निकेलच्या पातळ नळ्या, प्रत्येक दुर्बिणीत ५८, अशा तीन दुर्बिणी. क्षेत्रफळ भरपूर, प्रतिमा १५ विकलांच्या आसपास. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरची क्ष-किरण दुर्बीण मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनली. सोन्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियमचे ३२० पातळ पत्रे, ४० थरांत. वजनाला हलकी, पण प्रतिमा दोन कलांपर्यंत पसरते.

न्यूअथेनात चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्या वापरणार आहेत. एक मिलिमीटरहूनही पातळ, आणि कारखान्यातून येतानाच आरशासारख्या गुळगुळीत. मागच्या बाजूला खाचा पाडायच्या, किंचित वाकवून एकीवर एक रचायच्या. गोंद नाही, दोन स्वच्छ पृष्ठभाग भिडले की आपोआप जुळतात. खाचांमुळे ती थप्पी ताठ होते, जाड काचेचे काम पातळ चकत्या करतात. असे काहीशे ठोकळे अडीच मीटरच्या वर्तुळात, नाभीय अंतर १२ मीटर, आणि एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला क्षेत्रफळ सुमारे एक चौरस मीटर. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी रात्री बराच वेळ जागा होतो.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद वर्गात वाचून दाखवले. परातीवाली आता दोन प्रश्न विचारते. ऊर्जा मोजायला थर्मामीटर पुरतो, मग एवढे क्षेत्रफळ कशाला? आणि चंद्रा थांबल्यावर नाणे कोण बघणार?

मृगशीर्ष

पहिल्याचे उत्तर मोजदादीत आहे. आलेले फोटॉन आधी दीड हजार चौकटींत वाटायचे, मग प्रत्येक चौकटीतले ऊर्जेच्या हजारो कप्प्यांत. एका कप्प्यात दोन-तीनच उरले तर रेषेची रुंदी कशी काढणार? छोट्या आरशाने एकेका समूहासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागेल.

दुसऱ्या प्रश्नाने मलाही चैन पडत नाही. २०२३ मध्ये आबेल २७४४ या समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने बनलेल्या भिंगातून यूएचझेड१ ही अतिप्राचीन दीर्घिका सापडली, तिच्यातले कृष्णविवर चंद्राने पाहिले. सुमारे दोन आठवड्यांचे निरीक्षण आणि हाती मोजके फोटॉन. नऊ विकलांच्या आरशात ते समूहाच्या उजेडात बुडाले असते. अर्ध्या विकलेची, पण कितीतरी मोठ्या आरशाची लिंक्स ही दुर्बीण अमेरिकेत सुचवली गेली होती. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांच्या २०२१ च्या दशकीय आढाव्यात पहिला मान दुसऱ्या दुर्बिणीला मिळाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने सखोल अभ्यासासाठी निवडलेल्या दोन प्रस्तावांत अ‍ॅक्सिस ही क्ष-किरण दुर्बीण आहे: दीड विकला, आणि तीही २४ कलांच्या क्षेत्रभर. चंद्राची धार मध्यापासून दूर गेले की बोथट होते, म्हणून हे फार मोलाचे. न्यूअथेना आणि अ‍ॅक्सिस, दोन्ही हव्यात असे माझे ठाम मत आहे.

आणि तिला एक काम द्या. माझ्या भिंतीवरच्या आलेखाचा फोटो मी तुम्हाला निरोपातून पाठवते. ययाती समूह दूर जात असल्याने ६.७ ची रेषा त्यात ६.५८ ला दिसेल. तिथे रेषांचा झुबका आहे, त्यातली उजवीकडची उंच रेषा घ्यायची. अर्ध्या उंचीवरची रुंदी पट्टीने मोजायची आणि २.३५ ने भागायचे. मग त्या आकड्याच्या वर्गातून दोन वर्ग वजा करायचे: यंत्राचे स्वतःचे सुमारे २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि पाच कोटी अंशांवर लोहाचे अणू स्वतःच सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास थरथरतात त्याचे, सुमारे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. उरलेल्याचे वर्गमूळ काढायचे, त्याला रेषेच्या ऊर्जेने, म्हणजे ६५८० इलेक्ट्रॉनव्होल्टने, भागायचे आणि प्रकाशाच्या वेगाने गुणायचे, की वायूचा वेग. १६४ च्या किती जवळ येते ते इथे नक्की कळवा.