मदत हवी आहे: तळघरातील पाणी उपसण्याच्या पंपाबाबत

नमस्कार. आमची सोसायटी नेरूळमध्ये खाडीच्या बाजूला आहे. तळघरातील पार्किंगच्या कोपऱ्यात चार फूट खोल खड्डा असून त्यात दीड एचपीचा सबमर्सिबल पंप बसवलेला आहे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस पडला की धारण तलावांचे (पावसाचे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या तलावांचे) पाणी खाडीत उतरत नाही, बाहेरचे गटार तुंबते आणि आम्ही उपसलेले पाणी त्याच पाइपातून परत येते.

गेल्या आठवड्यात पंप रात्रभर दर दोन मिनिटांनी चालू-बंद होत होता. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी पाइपातील झडप) उघडून पाहिला, तेव्हा झडपेत दुधाच्या पिशवीचा तुकडा अडकलेला सापडला. तो काढल्यावर पंप सुरळीत चालला, पण दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि तासाभरात पाणी लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत पोहोचले. मीटरची खोलीही त्याच पातळीवर असल्यामुळे मला फार काळजी वाटते.

आमचे प्लंबर एकच मोठा पंप बसवा म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मोठा पंप एवढासा खड्डा क्षणात रिकामा करील आणि वारंवार चालू-बंद होऊन मोटार लवकर जळेल. त्याऐवजी आळीपाळीने चालणारे दोन पंप, दुसऱ्याचा फ्लोट (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) थोडा वर, अशी व्यवस्था कोणी केली आहे का? पाइप गटाराच्या पातळीपेक्षा उंच नेऊन मग खाली वळवल्यास पाणी उलटे येणे थांबते का? शिवाय वीज गेल्यावर पंप इन्व्हर्टरवर चालवावा की जनरेटरवर, हेही अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.