मदत हवी आहे : जर्मन अर्थमंत्री ज्यू म्हणून मारले गेले की पक्षामुळे? (अर्जंट)

केतकी_एम
सोमवारी सेमिनार आहे आणि मॅडम एकाच प्रश्नावर अडून बसल्यात : ज्यू म्हणून मारलं की समाजवादी म्हणून? एकीकडे आत्महत्या लिहिलंय, दुसरीकडे छळ. नक्की काय ते सांगा. लिंक देऊन 'वाचून घ्या' म्हणू नका प्लीज, वेळ नाहीये.

वाटसरू
अहो, पण कोणाला मारलं ते तर लिहा!

खडूसराव
राथेनाऊ. 1922, बर्लिन, भर रस्त्यात गोळ्या घातल्या. ज्यू म्हणूनच. विषय संपला.

मृण्मयी
ते परराष्ट्रमंत्री होते, सोशल डेमोक्रॅटही (म्हणजे समाजवादी पक्षाचेही) नव्हते. शीर्षक तरी वाचत जा.

केतकी_एम
सोशल डेमोक्रॅट अर्थमंत्री रुडॉल्फ हिल्फर्डिंग हो! एम.ए.ला दुसरं कोण असतं? पॅरिसच्या तुरुंगात गेले ते.

बँकवाला काका
वा! 1910 चं त्यांचं पुस्तक. बँका नुसतं कर्ज देत नाहीत, कारखान्यांच्या मालकच होऊन बसतात. आमच्या शाखेत एका साखर कारखान्याची फाइल आली होती, तेव्हा...

केतकी_एम
काका, ते येतं मला. मृत्यूचं सांगा ना.

मृण्मयी
मूळचे व्हिएन्नाचे, शिक्षणाने डॉक्टर. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडली, आधी झुरिक, मग पॅरिस. 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर दक्षिणेत आर्लला नजरकैदेत. फेब्रुवारी 1941 मध्ये व्हिशी सरकारने (जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच सरकारने) त्यांना जर्मनांच्या हवाली केलं आणि पॅरिसच्या ला सांते तुरुंगात गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, ताब्यात असताना ते गेले. कोणी गळफास म्हणतं, कोणी मारहाण. दोन्ही मतं नोंदवा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

खडूसराव
मग पक्षच कारण. त्यांच्याबरोबर त्याच पक्षाचा नेता ब्राइटशाइड यालाही सोपवलं, तो ज्यू नव्हता. बुखेनवाल्ड छावणीत मेला, 1944. फ्रान्स-जर्मनीच्या 1940 च्या युद्धबंदी करारातलं 19 वं कलमच तसं होतं : जर्मनी नाव घेऊन मागेल तो जर्मन माणूस द्यायचा. त्यात धर्माचा उल्लेख नाही.

मृण्मयी
आता कसं मुद्द्याचं बोललात. पण त्यांची पहिली बायको मार्गारेटे बघा. व्हिएन्नातली डॉक्टर, घटस्फोट होऊनही बरीच वर्षं झालेली. तिला कोणी नाव घेऊन मागितलं नव्हतं. 1942 मध्ये ज्यूंच्या गाडीत घालून तेरेझीनश्टाटच्या नाझी छावणीत नेलं, तिथून पुढे मरणाच्याच वाटेवर. नवऱ्याचं मंत्रिपद कोणी विचारलं नाही.

खडूसराव
तीही सोशल डेमोक्रॅटच होती, ऑस्ट्रियातली.

मृण्मयी
त्या गाडीतले सगळेच होते का?

वाटसरू
भांडू नका. केतकी, 'मागून घेतलं पक्षाच्या नावावर, पण ज्यू असल्याने सुटकेची आशाच नव्हती' असं लिही.

मृण्मयी
ब्राइटशाइड तरी कुठे सुटला? असं लिहू नकोस, मॅडम तिथेच पकडतील.

केतकी_एम
मग स्लाइडवर लिहू तरी काय??

बँकवाला काका
डिसेंबर 1929 चा राजीनामा विसरू नकोस. शाख्टशी वाजलं म्हणून मंत्रिपद गेलं. हे हमखास विचारतात.

केतकी_एम
आता हा शाख्ट कोण?